निकम सरांचे चार शब्द

निकम सरांना बसल्या जागेवरून बोट दाखवलेलं खपत नसे. त्यांच्या वर्गातल्या एखाद्या बाईने लांबूनच क्रेटकडे बोट केलं, की ते म्हणायचे, "इंग्रजी काय वाघ शे का, लांबून दाखवाले? जवय जा, हात लाव, मंग बोल." बाई उठायची, क्रेटपर्यंत जायची, त्यावर हात ठेवायची आणि लाजत म्हणायची, "दिस क्रेट." मग सर तिला चार पावलं मागे यायला लावायचे. "आता?" "दॅट क्रेट." एवढ्यावर सरांचा चेहरा असा फुलायचा, जणू पोरगी बोर्डात पहिली आली आहे.

आमचं पॅकहाऊस चोपड्याजवळ आहे. इथून केळी परदेशी जातात. शेतातून घड येतात, बायका त्यांच्या फण्या वेगळ्या करतात, तुरटीच्या पाण्याच्या टाकीत चीक धुतात आणि मग माल तपासून खोक्यात भरतात. पहिली दोन वर्षं मी टाकीवर होते. संध्याकाळी हाताची बोटं पांढरी, सुरकुतलेली होऊन जायची. तिथून मी तपासणीच्या टेबलावर आले. डागाची फणी इकडे, चांगली तिकडे. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही फणी खोक्यात पडत नसे. मला त्या जागेचा भारी अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

एक दिवस मालक विनोदभाऊंनी सांगितलं, दुबईचा व्यापारी आता गाडी भरण्याआधी माल फोनवर बघणार, व्हिडिओ लावून. "टेबलावरच्या माणसानंच त्याला दाखवायचं, इंग्रजीत. महिनाभरात तुला जमलं तर ठीक रेखा, नाहीतर नाशिकचा एक पोरगा बघून ठेवला आहे." म्हणजे मी परत टाकीवर. त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला. दहावीला इंग्रजीत जेमतेम पास झालेली मी, मला काय बोलता येणार होतं?

विनोदभाऊ लहानपणी निकम सरांच्या हाताखाली शिकलेले. सर निवृत्त होऊन चोपड्यातच राहत होते. भाऊंनी गळ घातली तेव्हा सर आले, पण एका अटीवर: एकट्या रेखाला शिकवणार नाही, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका बसतील. आल्यावर त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. दिस, दॅट, दीज, दोज. दुसऱ्या दिवशी तेच चार. दुसऱ्या आठवड्यातही तेच चार. मी दिवस मोजत होते आणि हा माणूस पुढे सरकायला तयार नाही! विनोदभाऊही वैतागले. "सर, निदान गुड मॉर्निंग तरी शिकवा."

"ते तुझ्या मोबाईलवर रोज सकाळी पन्नास जण पाठवतात, विन्या," सर म्हणाले. "हिला माल दाखवायचा आहे. ज्याला माल दाखवता आला त्याला निम्मं इंग्रजी आलं."

त्यांचा नियम सरळ होता. हात पुरला तर दिस, नाही पुरला तर दॅट. एकाला सोबत मिळाली की दीज आणि दोज. आमच्यातल्या कोकिळाबाई वयाने मोठ्या आणि भलत्या हुशार. त्यांनी जागेवर बसूनच टाकीतली फणी ओढायची काठी घेतली, लांबच्या क्रेटला टेकवली आणि म्हणाल्या, "दिस क्रेट! पुरना ना हात!" म्हणजे, पुरला की नाही हात. बायका हसून लोटपोट. सरांनी मात्र गंभीरपणे विचार केला. "काठी पुरली, कोकिळाबाई. हात नाही पुरला." मग स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

घरीही ते असेच असावेत. एकदा मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांनी काकूंना इंग्रजीत सांगितलं, तो पेपर दे. काकू न बघता म्हणाल्या, "हात पुरतोय तुमचा. घ्या." सरांनी निमूट घेतला. आता ते मुलाकडे धुळ्याला असतात, आणि काकू फोनवर सांगतात की सध्या नातीवर प्रयोग चालू आहेत.

तर तो फोनचा दिवस आला. विनोदभाऊ माझ्यासमोर, सर एका उलट्या क्रेटवर कोपऱ्यात. पडद्यावर व्यापारी दिसला. मी एका हातात फोन धरून टेबलावरची फणी उचलली. "दिस." पुढचं सुचेना, पण त्याने मान हलवली. तेवढ्यात माझ्या मागे भिंतीशी रचलेल्या खोक्यांवर त्याची नजर गेली. "व्हॉट इज दॅट?"

ती डागाच्या मालाची खोकी होती. लोकल बाजारात जायची, पण त्यांवर छाप निर्यातीच्या खोक्यांचाच. विनोदभाऊंनी हाताने खूण केली, फोन दुसरीकडे फिरव. मी सरांकडे बघितलं. ते मान वळवून बाहेर उभ्या ट्रककडे बघत बसले होते.

एवढ्या दिवसांची सवय म्हणा, पाय आपोआप निघाले. खोक्यांपाशी गेले, हात ठेवला. "दीज बॉक्सेस, नो." एक खोकं उघडलं, काळा चट्टा दाखवला. "दिस स्पॉट. नॉट फॉर यू." मग वळून पलीकडच्या रांगेकडे हात केला. "दोज बॉक्सेस, फॉर यू." तिथेही चालत गेले. त्याने सांगितली ती तीन खोकी उघडून दाखवली. माल स्वच्छ होता. शेवटी त्याने विचारलं, "यू चेक?"

"येस. आय चेक."

फोन बंद झाल्यावर विनोदभाऊ माझ्यावर उखडले. "त्या खोक्यांपाशी मरायला कशाला गेलीस?" कोकिळाबाई मधे पडल्या, "भाऊ, त्यानी इचारं, तिनी दखाडं. बठ्ठं खरंच शे ना?" सगळं खरंच होतं, तरी भाऊ तणतणत निघून गेले. संध्याकाळी मात्र परत आले, तोंड जरा पडलेलं. व्यापाऱ्याचा निरोप होता: माल पाठवा, पुढच्या वेळीही हीच मुलगी दाखवेल. नाशिकच्या पोराला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून कळवलं.

मी तशीच सरांच्या घरी गेले. दुपारी फोन संपताच ते कोणाशी न बोलता निघून गेले होते, याचं मला वाईट वाटत होतं. सगळं सांगितल्यावर शेवटी विचारलंच, "सर, मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मान का वळवली?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. "मला वाटलं, तू फोन फिरवशील," ते म्हणाले. "आणि ते मला बघवलं नसतं. चुकलो मी, रेखा. माफ कर."

मास्तर माणूस विद्यार्थ्याची माफी मागतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकूंनी दिलेला चहा प्यायले, कप विसळून ठेवला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिले.