पायाला कळणारा चिखल

बाबा चिखल पायाने ओळखायचे. चामोर्शीकडच्या आमच्या धानाच्या बांधीत रोवणीआधी अनवाणी उतरायचे, दोन पावलं चालायचे आणि म्हणायचे, "चिखलणीची अजून एक पाळी मारा." शेजारचेही त्यांना बोलावून न्यायचे.

पुढे बाबांची दारू सुटली तेव्हा वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. पण ते बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून चालताना तोल जाऊन पडायचे आणि बघणारे हसायचे, पुन्हा घेतली वाटते. घेतली नव्हती. त्या हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या दारूने पायांच्या नसा निकामी झाल्या आहेत. पायातली चप्पल वाटेत निसटली तरी त्यांना कळत नसे.

त्या वर्षी रोवणीला ते धुऱ्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "बाई, तू उतर. मले सांग, कसा लागते."

मी उतरले. "मऊ आहे," म्हटलं.

ते चिडले. "मऊ तं शेणही रायते. बोटांच्या मधातून वर येते का नाई?"

येत होता. वरून कोमट होता, खाली थंड. मी एकेक सांगत गेले आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

आता मी बल्लारपूरला राहते, बाबा नाहीत. चिखलणी ट्रॅक्टर करतो. तरी रोवणीला गावी गेले की मी चपला काढून बांधीत उतरते. चिखल बोटांच्या मधातून वर येतो. मी धुऱ्याकडे बघते. विचारायला तिथे कोणी नसतं.