खोताला ऊन दाखवताना

दोन दिवस नुसती धूळ होती, समोरचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वारं एकदाचं पडलं, थंडी बोचायला लागली आणि कोवळं ऊन आमच्या पायरीवर आलं.

कुवेतमध्ये शुवैखच्या बाजूला आमचं पाळीव जनावरांचं दुकान. पोपट आहेत, कासवं आहेत, पण माझ्याकडे सरडे. वाळवंटातले, काटेरी शेपटीचे, रंगीत. वीस वर्षं लोक ते निवडायला येतात. गिऱ्हाईक निघून जातं आणि त्याचं बोलणं आपल्याकडे राहून जातं. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण साठतं खरं.

यंदा माझं रत्नागिरीकडे कायमचं जायचं ठरलं. मालक अबू नासर म्हणाला, "चाचा, तू खुशाल जा. पण त्या म्हाताऱ्याला आधी घर बघ. नवा माल येतोय, जागा नाही. कोणी नेला नाही तर वाळवंटात सोडून येईन."

म्हातारा म्हणजे खोत, आमचा सगळ्यात जुना सरडा. नाव मीच ठेवलेलं. गाल फुगवून दगडावर असा बसतो, जसा अख्खा गाव त्याचा आहे. पुढच्या पायाची दोन बोटं गेलेली. त्याला कोण नेणार?

*

या सरड्यांचा रंग थंडीत दिसत नाही. गार असला की मातीचं ढेकूळ. उन्हात तापला की रंग वर येतो. म्हणून आमची पद्धत अशी, की निवडायच्या आधी सरड्याला ऊन दाखवायचं आणि गिऱ्हाइकाने थांबायचं. जवान सरडा वीस मिनिटांत खुलतो. खोताला तास लागतो.

एक कुवेती तरुण मोबाइलवर निळ्या सरड्याचा फोटो घेऊन आला. "हाच रंग पाहिजे." मी खोताला पायरीवर ठेवला. तरुण गाडीत एसी लावून अर्धा तास बसला. मग काच खाली करून म्हणाला, "चाचा, हा बंद आहे."

गेला. त्याची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा खोताच्या मानेवर जरासं पिवळं दिसायला लागलं होतं.

*

सबाह अल-सालेमला राहणारे नाशिकचे जोशीसाहेब, इंजिनिअर. त्यांच्या दहा वर्षांच्या सईने उन्हाळ्यात एक जवान सरडा निवडून नेला. आठ दिवसांनी साहेब खोका घेऊन हजर. "चाचा, आजारी दिलात तुम्ही. काळा पडलाय, तोंडात काही घेत नाही."

"ठेवलाय कुठे?"

"बेडरूममध्ये. बाहेर एवढी आग, बिचारा भाजेल म्हणून एसी अठरावर ठेवतो त्याच्यासाठी."

मी सरड्याला पायरीवर ठेवला. सई शेजारी उकिडवी बसली. थोड्या वेळाने पाठीवरचे पट्टे एकेक करून उजळले, आणि मग त्याने मान वर करून सईच्या हातातलं पान ओढलं.

साहेब म्हणाले, "झालं काय होतं याला?"

सई मागे न बघता म्हणाली, "नथिंग, बाबा. ही वॉज नॉट चार्ज्ड."

*

पुढच्या महिन्यात त्याच साहेबांचा फोन. "चाचा, नाकाला पांढरं आलंय. सर्दी झाली का?"

म्हटलं, "सर्दी नाही, मीठ आहे ते. तो पाणी पीत नाही, पाल्यातल्या ओलीवर जगतो. अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकरून टाकतो."

साहेबांची नोकरी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायच्या प्लँटवर. मग हळूच म्हणाले, "एवढ्याच कामासाठी आम्ही केवढा किनारा अडवून बसलोय, चाचा."

मी संधी साधली. "मग आमचा म्हातारासुद्धा न्या ना. मी चाललो गावी."

"नेला असता हो. पण आमच्या हिने एकालाच घरात घेतलंय, तेही फार मोठ्या मनाने."

*

मग एक बदू म्हातारा आला, वाळवंटात तंबू टाकून राहणाऱ्यांपैकी. हे लोक थंडी सरल्यावर वाळवंटातला मोठा सरडा पकडून खातात, म्हणून मी जवळच उभा राहिलो. त्याने खोताला तळहातावर घेतलं. खोत परक्याला शेपटी मारतो, याला मारली नाही. मालक काय म्हणतो ते मी सांगितलं.

बदू म्हणाला, "हा इथला नाही. तांबड्या समुद्राकडचा आहे. इथे सोडू नकोस. या वयात नवीन बीळ खणणार नाही, पहिल्याच थंडीत जाईल."

"मग तुम्ही न्या."

तो हसला. "मी नेला तर माझे नातू शिजवतील." आणि खोताला दोन्ही हातांनी, लहान मूल ठेवावं तसा, दगडावर ठेवला.

*

जायला चार दिवस राहिले. मी खोताला फरवानियाला माझ्या खोलीवर आणला. शेजारच्या खोलीत उस्मान, रायगडचा, गॅरेजात मेकॅनिक. गेली कित्येक वर्षं त्याचं एकच. "काय चाचा, पाली सांभाळायला कुवेतला आलात? घरी भिंतीवर फुकट होत्या."

शुक्रवारी सकाळी मी खोताला गच्चीवर नेला. उस्मान धुतलेले कपडे दोरीवर टाकत होता.

"अजून आहे होय हा?"

"बस जरा."

"मला कामं आहेत," म्हणाला आणि बादली पालथी घालून बसला.

अर्धा तास काही नाही. तो चहा घेऊन आला, परत बसला. मग मानेवर पिवळं आलं. मग पाठीवर निळं, उथळ पाण्यात ऊन शिरावं तसं, आतून. त्या निळ्यावर पिवळ्या ठिपक्यांची एक रांग उमटली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. उस्मानच्या हातातला चहा तसाच राहिला. तो उठून जवळ आला, त्याची सावली खोतावर पडली. तसा उस्मान चटकन बाजूला झाला.

जरा वेळाने बघतो तर हा दोरीवरचे ओले कपडे काढायला लागलेला.

"अरे, वाळले नाहीत अजून."

"सावली पडते त्याच्यावर," उस्मान म्हणाला. "दोरी तिकडे बांधतो. तुम्ही गेल्यावर रोज इथेच बसवायचा ना याला?"