पंखा थांबला तेव्हा

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन हवा होता. मी आयटीआय झालेला, दोन वर्षं गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करून वैतागलेला. ही नोकरी हुकली तर संग्रामपूरकडच्या विहिरीच सांभाळायच्या, हे घरात ठरून गेलं होतं.

मुलाखत घ्यायला एक म्हातारा फोरमन होता. अर्थिंग कशाला, स्टार-डेल्टा म्हणजे काय, एमसीबी का पडते, सगळं मी घडाघडा सांगितलं. यात काय अवघड, असंही मनात येऊन गेलं. मग त्यानं मला वर्कशॉपमधल्या एका मोटारीपाशी नेलं. तेवढ्यात लाइन गेली, डोक्यावरचा पंखा थांबला. त्यानं स्टार्टरची पेटी दाखवली आणि आतली ढिली वायर कसायला सांगितली.

आमच्याकडे शेतातली कामं अशीच होतात. लाइन जायच्या वेळा सगळ्यांना पाठ, म्हणून मेन स्विच बंद करायचा आळस. लाइन गेली की पेटी उघडायची. मीही उघडली, वायर धरायला हात घातला, आणि त्यानं माझं मनगट पकडलं.

"लाइन गेली हे तुले कोनं सांगतलं?"

"पंखा थांबला ना."

"ते पंख्याची गेली. पेटीची?"

एवढ्यात मागे जनरेटर आपोआप धडधडला. माझी बोटं जिथं पडणार होती तिथंच त्यानं टेस्ट लॅम्पची टोकं टेकवली. बल्ब लख्ख पेटला. तांब्याच्या त्या पट्टीत काहीच बदललेलं दिसत नव्हतं, ना आवाज, ना हालचाल. केवढी ही ताकद, आणि दोन वर्षं मी तिच्याशी सलगी करत होतो. तिनं मला जिवंत कसं सोडलं, याचंच नवल वाटलं.

गावात अशी पेटी किती वेळा उघडली, असं त्यानं विचारलं. मोजलं नाही म्हणालो, बाबांनीच शिकवलं हेही सांगितलं. नोकरी गेलीच होती, खोटं कशाला बोलायचं?

"सोमवारपासून ये," तो म्हणाला. "महिनाभर निस्तं पाहाचं. हात लावाचा नाही."

बाहेर आलो नि घड्याळ पाहिलं. आमच्या शिवारातली लाइन जायची वेळ झाली होती, आणि मोटार सकाळपासून अडत होती म्हणून बाबा आज पेटी खोलणार होते. मी फोन लावला; उचलताच त्यांनी विचारलं, नोकरी लागली का?

"बाबा, पयले मेन बंद करा."

त्यांनी पुन्हा नोकरीचं विचारलं. खटका पडल्याचा आवाज फोनवर ऐकू येईपर्यंत मी दुसरं काही बोललोच नाही.