ज्याचा घड पिकेल, त्याच्याकडे मुक्काम

आमच्या ह्यांना नकाशा वाचता येत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात कळलं. केळी मात्र वाचता येतात, अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती. त्या मे महिन्यातली आमची कोकणची सहल या समजुतीवर आखली गेली.

निर्मळच्या आमच्या वाडीतली केळी आणि भाजी दादरला नेणारी एक मेटॅडोर होती. दिरांनी आठवडाभर वाडी सांभाळायचं कबूल केलं आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं. गाडी आपली, मग अमुक दिवशी अमुक गावी पोचलंच पाहिजे ही कटकट कशाला? पेणला ह्यांचा शाळासोबती, महाडला दिरांची सासुरवाडी, चिपळूणला ओळखीचे व्यापारी, रत्नागिरीला जुने शेजारी आणि अगदी शेवटी सावंतवाडीला सासूबाईंची थोरली बहीण. पाच घरं, पाच घड. ह्यांनी प्रत्येक घड वेगळ्या तयारीचा निवडला आणि मेटॅडोरच्या छताच्या दांडीला सुतळीने टांगला.

"ज्याचा घड पिकेल, त्याच्याकडे मुक्काम," हे म्हणाले. "नाही पिकला, तर सावली बघून गाडी लावू, स्टोव्हवर पिठलं टाकू, गाडीतच झोपू. सोपं!"

मी हसून हसून दमले. सासूबाई हसल्या नाहीत. बहिणीला भेटून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. मावशींचे गुडघे गेलेले, त्यांना इकडे येणं शक्य नव्हतं, आणि ह्यांचं दर मे महिन्यात एकच उत्तर, पुढच्या वर्षी नक्की. आता मावशींचा घड सगळ्यांत हिरवा. सासूबाईंनी त्याला आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली आणि विचारलं, "आठवड्यात हा पिकला नाही तर?"

"तर बघू की, आई."

त्या 'बघू'चा मला असा राग आला, की पेणपर्यंत मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. पण न बोलता राहणार तरी किती वेळ? घोडबंदरच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला पाचही घड एकदम झुलायचे आणि माझ्या डोक्याला टपली मारायचे. हे गळा फाडून गात होते. शेवटी मीही गायले.

पेणचा घड वेळेवर पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी त्यातली एक फणी मागून घेतली, वाटेत खायला म्हणून. ती कुणीच खाल्ली नाही. त्या मागे घडांजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "फार धूळ येते, काचा लावा." वर टपावर जाड ताडपत्री टाकायला लावली. मे महिन्यात! आम्ही घामाने निथळत होतो, त्या मात्र निवांत. महाडचा घड कच्चा म्हणून ती रात्र आम्ही सावित्रीच्या काठी पिठलं-भात खाऊन गाडीत काढली. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळी झाक आली, म्हणून पुढच्या रात्री महाडला अंगणात गाडी लावली, तीही बंद काचांची.

सकाळी मागचं दार उघडलं आणि पिकल्या केळ्यांचा घमघमाट अंगावर आला. उरलेले सगळे घड पिवळेधमक! चिंधीवालासुद्धा. पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणारं आमचं घर, आणि आम्ही पिकली फणी मध्ये ठेवून, काचा लावून, केळी पिकवायची चालती भट्टी घेऊन फिरत होतो. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"नियम तुझाच," सासूबाई म्हणाल्या. "आज सगळ्यांचा घड पिकला. पण झोपणार एकाच घरी. माझी बहीण सगळ्यांत मोठी."

ह्यांनी गाडीची किल्ली काढली. महाडचा घड तिथंच उतरवला, चिपळूणचा इंजिन चालू ठेवून दारातच दिला. रत्नागिरीचा वाटेतच गळायला लागला. मग काय, समोरून येणाऱ्या एसटीच्या खिडक्यांत, झाडाखाली बसलेल्या वऱ्हाडाला, एका सायकलवाल्याला, मी नुसती केळी वाटत सुटले. एक कंडक्टर तर "अजून आहेत का?" म्हणून थांबला. इतकी मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

तिन्हीसांजेला सावंतवाडी आली. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. सासूबाई चिंधीचा घड उराशी धरून धावल्या, त्या वयात. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मधेच हसत होत्या. मलाही रडू आलं.

विहिरीवर हातपाय धुताना मी हळूच विचारलं, "आई, त्या काचा धुळीसाठीच ना?"

"जन्म गेला गं माझा केळी पिकवण्यात," त्या म्हणाल्या आणि तोंडावर पाणी मारू लागल्या.

जेवताना ह्यांनी घसा साफ करून परवा निघायची गोष्ट काढली. सासूबाईंनी परसातल्या केळीकडे बोट दाखवलं. तिला नुकतं केळफूल आलं होतं. "तो घड पिकला, की मी निघेन."

आम्ही दोघं रिकामी मेटॅडोर घेऊन परतलो. सासूबाई श्रावणात आल्या, एसटीने, मांडीवर त्या परसातल्या केळीचा घड घेऊन. उतरताच त्यांनी तो ह्यांच्या हातात दिला. त्याला तीच हिरवी चिंधी बांधलेली होती.