पायरीवरचं खडेमीठ

वडील गेल्यानंतर त्या ऑक्टोबरात आम्ही आईला अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आणलं. परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. तोवर तिने ठरवायचं होतं, आमच्याकडे कायम राहायचं की नागपूरच्या घरात एकटीने. "राहून बघते," एवढंच ती म्हणाली होती. मी हिशेबी माणूस. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, तर राहण्याची बाजू सरळसरळ जड भरत होती. हिवाळा मात्र मी त्यात धरला नव्हता.

पहिलं मोठं हिमवादळ फेब्रुवारीत आलं. रविवारी दुपारी भुरभुर सुरू झाली आणि अंधार पडेपर्यंत समोरच्या घराचं छप्परही दिसेना. सकाळी मुलगी रेडिओला कान लावून बसली आणि बंद शाळांच्या यादीत आपली ऐकू येताच नाचू लागली. मी अंगणात फूटपट्टी उभी केली, ती पूर्ण बुडाली. मग बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मोजलं. एकोणीस इंच.

"मोजून कमी होतं का रे?" आईने दारातून विचारलं.

कमी होत नव्हतंच. गाडी बाहेर काढण्याइतकी वाट फावड्याने मोकळी केली, आणि पाठ टेकतो न टेकतो तोच गावाचा बर्फ ढकलणारा ट्रक रस्ता साफ करत आला आणि सगळा बर्फ आमच्या वाटेच्या तोंडाशी ढकलून गेला. दूध संपलं होतं. दुकान जेमतेम मैलभरावर, पण त्या दिवशी ते नागपूरइतकंच लांब होतं. आई खिडकीशी बसून समोरच्या घराच्या धुराड्याकडे पाहत राहिली. तिथे एक म्हातारी एकटी राहायची आणि शेकोटीत लाकडं जाळायची.

ऊन पडलं की छपरावरचं पाणी पायऱ्यांवर ठिबकायचं आणि सूर्य कलला की गोठायचं. म्हणून रस्ते सुरू झाले त्या सकाळी मी पायऱ्यांवर खडेमीठ टाकलं आणि आम्ही दोघं कामावर गेलो.

संध्याकाळी मी गाडी लावत होतो. बायको सामानाची पिशवी घेऊन पुढे गेली आणि दुसऱ्या पायरीवरून घसरून हातावर पडली. पायऱ्या काचेसारख्या गुळगुळीत होत्या. मिठाचा एक खडा दिसेना.

"मीठ टाकलं होतंस ना?" तिने बसल्या जागेवरूनच मला विचारलं.

"मी भरून ठेवलंय," दार उघडून उभी असलेली आई म्हणाली. "सगळं. कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात प्लास्टिकची बादली होती. त्यात मीठ होतं, पालापाचोळा निवडून.

मनगटाचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलातून प्लास्टर घालून परतल्यावर मी आईला समजावू लागलो, की मीठ पडलं की पाणी गोठायला आणखी थंडी लागते.

"म्हणजे आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर घालतो, तेच ना?"

"तेच."

"मग ते पॉटात घालावं. सांडलेलं मीठ पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात. मी झाडूने वेचलं." एवढं बोलून ती प्लास्टरकडे बघायला लागली आणि तिचा आवाज उतरला. "माझं तिकीट बदलून मिळतं का बघ. अलीकडचं."

"आई, तुम्ही गेलात तर माझी वेणी कोण घालणार?" बायको म्हणाली. "हे? यांना स्वतःचा भांग धड पाडता येत नाही."

आई हसली नाही. त्यानंतर तिने दाराशी जाणंच सोडलं. तिकिटाची आठवण मात्र रोज करून द्यायची. मी "बघतो" म्हणायचो आणि फोन करायचा टाळायचो.

शनिवारी सकाळी मला घरात आई दिसेना. खिडकीतून पाहिलं, तर ती रस्ता ओलांडत होती. साडीवर माझा ओव्हरकोट, पायात माझे गमबूट, हातात मोठं पातेलं. मी मोजे शोधेपर्यंत ती म्हातारीच्या दारात पोचली होती. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने धुराड्याकडे बोट केलं, मग पातेलं घासून दाखवलं. म्हातारी हसली आणि तिला आत घेऊन गेली.

बऱ्याच वेळाने आई परतली. पातेल्यात गार राख होती. रांगोळीची चिमूट सोडावी तशी तिने ती पायरीपायरीवर सोडली.

"राखेने बर्फ वितळत नाही, आई."

"वितळव कोण म्हणतंय? पाय घसरायला नको, एवढंच ना?"

ती स्वतः वर-खाली चढून उतरली, टाच दाबून पाहिली. मग सुनेला हाक मारली. बायको गळ्यात हात अडकवून सावकाश पायऱ्या उतरली आणि पुन्हा चढली.

"बरोबर," मी म्हणालो. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिकिटाचं बोलणं थांबलं. बर्फ पडला की आई पातेलं घेऊन समोर जायची आणि लवकर परतायची नाही.

"भाषा नाही, तर बोलता काय तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"तिचेही गेलेत. फोटो दाखवला तिने. मीही आपला नेऊन दाखवला."

एप्रिलच्या शेवटी तिकीट पक्कं करायची वेळ आली. मी भीतभीतच विषय काढला.

"समोरची लाकडं कधी भरते?" आईने विचारलं.

"सप्टेंबरात."

"मग त्याच्या आत मला परत आण. जाऊन घराला नीट कुलूप लावते, भांडी वाटते. पॉट तेवढा घेऊन येईन. बादलीभर मीठ पडून आहे."

विमानाच्या सामानाच्या मापात आईने हातांनी दाखवला तेवढा लाकडी पॉट बसेल का, याचा मी टेप घेऊन हिशेब केला. बसत होता.