बिनधुराच्या चुलीचा माणूस

आमच्या सरपंचानं त्याला फसवलं आणि मी ते बघत बसलो.

दुष्काळानंतर तो लोहाऱ्याकडच्या गावांचा संघ बांधत सायकलवर फिरायचा. गायरानातली बाभळ तोडायची नाही, घरोघरी बिनधुराची चूल मांडायची, एवढंच त्याचं मागणं. चूल मांडली की पांढरी टोपी घालून भाकरी होईपर्यंत तिच्यापुढं बसायचा. मग टोपी घरच्या बाईच्या हातात द्यायचा. "बघा, काळी झाली का? व्हय का न्हाय?" उत्तर आल्याशिवाय पुढं बोलायचा नाही.

माझी लाकडाची वखार. एकदा तिथंच आला. "शेठ, संघात या."

"माझ्याच पोटावर पाय द्यायला?"

"घेणाराच आत आला, तर चोर इकंल कुणाला? व्हय का न्हाय?"

जन्मभर घासाघीस केली, पण तिथं हरलो. संघात गेलो.

सगळ्या सरपंचांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. वर्षाच्या आत आमच्या सरपंचानं गायरान तोडलं. गाड्या आधी माझ्याच दारात आल्या. मी परत पाठवल्या, त्या दुसरीकडं खपल्या.

त्यानं बैठक बोलावली. "बाभळी कुणी तोडल्या?" सगळ्यांना माहीत होतं. वखारीची जागा ग्रामपंचायतीची, सरपंच माझ्या शेजारी बसलेला. चार आण्यांसाठी भांडणारा मी, तोंड उघडलं नाही. तो बराच वेळ थांबला. मग बैठकीसाठी बुद्धविहारातून मागून आणलेली सतरंजी झटकली, घडी घालून सायकलला बांधली आणि गेला. पुन्हा आमच्याकडं आला नाही.

सरपंच, बेल तुम्ही उचलला होता. बाभळी कुणाला विकल्या, ते चावडीवर येऊन सांगा. तुमच्यानंतर मला उभं करा.