साडभाऊंचं बरणीतलं प्लॅस्टिक

दारी आलेल्या पाहुण्याला ताटकळत ठेवून जिवाणूंना आधी जेवू घालणारा गृहस्थ अख्ख्या तुमसरात एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. निवृत्तीनंतर इतर मास्तर भजनाला लागले. या विज्ञानाच्या मास्तरांनी शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, चिखलातून कसलेसे जिवाणू आणले, बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, लोणच्याच्या बरण्या बळकावल्या आणि राइस मिलमधली कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, शिजवून त्यांना चारायला सुरुवात केली. माझ्या पोटाकडे रोखून पाहत ते समजावत, "तुमच्या अंगात जशी चरबी साचून राहिली ना, तसं त्याइच्या अंगात प्लॅस्टिक साचते. फरक इतकाच, त्याइचं कामी येते." वीज गेली, बरणीत हवा सोडणारा पंप थांबला, की हे सायकलच्या पंपानं हवा मारत बसत. "मले धाप लागली तं यायनं कधी पंखा हलवला नाही," हे ताईंचं म्हणणं.

जिवाणू गुटगुटीत झाले की ब्लीचिंगच्या पाण्यात विरघळवायचे आणि तळाशी उरलेली पांढरी पूड ताईंच्या इस्त्रीखाली दाबायची. दोन इस्त्र्या कामी आल्यावर पापडाएवढी एक चकती निघाली. ती त्यांनी गल्लीभर मिरवली आणि लगेच अंगणात पुरून टाकली! मग दर रविवारी उकरून पाहणं आलं. आपल्या हातची वस्तू कुजावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी त्यांच्याकडे उतरलो होतो. सकाळी अंगणातून आरोळी आली, "गेली हो, गेली! काहीच नाही उरलं!" ताई तापानं अंथरुणावर आहेत, हे गल्लीला ठाऊक होतं. शेजारी गळ्यात दुपट्टे टाकून जमले, एकानं तर तिरडीच्या बांबूची चौकशी मांडली, आणि साडभाऊ हसतमुखानं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होते. बायकांनी गळा काढला, तोच ताई स्वतः दारात आल्या.

"कोन गेली?"

"चकती! मातीनं खाऊन टाकली!"

ताईंनी कपाळाला हात लावला आणि जमलेल्यांसाठी चहा टाकला.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "जी वस्तू राहतच नाही, तिच्यापायी एवढा खटाटोप काहून?" साडभाऊ हातानंच उकरलेला खड्डा बुजवू लागले. ताईच म्हणाल्या, "आमची कपिला बजारातल्या पिशव्या खाऊन मेली. डॉक्टरनं पोट उघडलं, तं निस्ता गोळा निघाला. तवापासून गाय नाही आनली." मग त्यांच्याकडे वळून हळूच, "आता तं जमलं ना तुमचं? आना न एक."

साडभाऊंनी गोठ्याकडे पाहिलं. तिथं हल्ली स्कूटर उभी असते.

"माही एक चकती विरली वं," ते म्हणाले, "बजार तं अजून तसाच आहे."

ताई साडभाऊंच्या बोटांना लागलेली माती तेवढी पदरानं पुसत राहिल्या.